मंत्रिमंडळातील विचारविनिमय आणि सामूहिक जबाबदारी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९५१) व चिंतामणराव देशमुख (१९५६) यांच्या राजीनाम्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संसदीय लोकशाहीत मंत्रिमंडळ हे कार्यकारी सत्तेचे केंद्र असते. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, हे भारतीय संविधानाने स्पष्ट केले आहे. मात्र निर्णय होण्यापूर्वी मंत्र्यांमध्ये विचारविनिमय झाला पाहिजे, ही बाब संविधानाने दीर्घकाळ परंपरेवर सोपवली होती. स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकात केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्या दोन महाराष्ट्रीय मंत्र्यांनी या उणिवेवर बोट ठेवले. त्यांच्या राजीनाम्यांची कारणे वेगळी होती, परंतु कार्यपद्धतीविषयीची तक्रार मूलतः एकच होती. प्रस्तुत शोधनिबंधात या तक्रारीचा उगम, आशय आणि पुढील परिणाम यांचा आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : मंत्रिमंडळ, मंत्रिपरिषद, सामूहिक जबाबदारी, मंत्रिमंडळ समिती, राज्य पुनर्रचना, ४४ वी घटनादुरुस्ती.

प्रस्तावना

राजोडी हे वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील गाव. गाव आपल्या जागेवरून हललेले नाही. परंतु त्याचा शासकीय पत्ता गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलला आहे. १९५६ च्या प्रारंभी हा परिसर तत्कालीन मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचा भाग झाला. १ मे १९६० रोजी तो महाराष्ट्रात आला. २००९ मध्ये या परिसरासाठी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. यांपैकी काही निर्णय केंद्राचे, तर काही राज्याचे होते. प्रत्येक निर्णय ‘शासनाने घेतला’ असेच म्हटले गेले.

१९५६ मध्ये याहून मोठा बदल या परिसराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे करून केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती. मुंबई ते विरार विद्युत रेल्वे १९३६ पासून धावत होती. वसईची केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला मुंबईच्या बाजारात जात होता. चाकरमान्यांचा रोजगारही मुंबईतच होता. ही घोषणा अमलात आली असती तर वसईच्या खाडीपलीकडील माणसाची बाजारपेठ व नोकरी दुसऱ्या राजवटीखाली गेली असती. इतका दूरगामी निर्णय नेमका कोणी घेतला, कोणत्या बैठकीत घेतला आणि ज्यांच्या नावाने तो जाहीर झाला त्या मंत्र्यांना तो विचारून घेतला होता काय, हा प्रश्न तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी लोकसभेत उपस्थित केला. त्यापूर्वी पाच वर्षे, वेगळ्या संदर्भात, विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही असाच प्रश्न मांडला होता. मंत्रिमंडळ प्रत्यक्षात कसे चालते, हे समजून घेण्यासाठी हे दोन राजीनामे महत्त्वाची ऐतिहासिक साधने ठरतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मंत्रिमंडळ पद्धतीच्या ब्रिटिश व वसाहतकालीन वारशाचा थोडक्यात आढावा घेणे.
२. भारतीय संविधानातील मंत्रिपरिषदेविषयीच्या तरतुदींचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. १९५१ व १९५६ च्या राजीनाम्यांतील कार्यपद्धतीविषयक आक्षेपांचा तुलनात्मक अभ्यास करणे.
४. या आक्षेपांचा पुढील घटनात्मक घडामोडींशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संविधानातील तरतुदी, घटना समितीतील व संसदेतील निवेदने आणि शासकीय कामकाजाचे नियम यांचा आधार घेतला आहे. राज्य पुनर्रचनेचा समग्र इतिहास हा या निबंधाचा विषय नसून मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीवर त्याने जेवढा प्रकाश टाकला तेवढाच भाग येथे विचारात घेतला आहे.

१. मंत्रिमंडळ पद्धतीचा वारसा

मंत्रिमंडळ ही संस्था कोणत्याही कायद्याने जन्माला घातलेली नाही. इंग्लंडमध्ये राजाच्या सल्लागारांपैकी काही निवडक व्यक्तींच्या खासगी बैठकीतून ती हळूहळू विकसित झाली. १७२१ पासून सत्तेवर असलेल्या रॉबर्ट वॉलपोल यांना सामान्यतः पहिले पंतप्रधान मानले जाते. परंतु त्या काळी हे पद कायद्यात कोठेही नव्हते. वॉल्टर बॅजट यांनी १८६७ मध्ये इंग्लंडच्या राज्यघटनेवरील आपल्या ग्रंथात कायदेमंडळ आणि कार्यकारी सत्ता यांना जोडणारा दुवा म्हणून मंत्रिमंडळाचे वर्णन केले. विशेष म्हणजे १९१६ पर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकांचे अधिकृत इतिवृत्तही ठेवले जात नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात लॉईड जॉर्ज यांनी मॉरिस हँकी यांच्या हाताखाली सचिवालय निर्माण केल्यानंतरच कोणता निर्णय केव्हा झाला याची नोंद नियमितपणे होऊ लागली.

भारतातील परंपरा याहून वेगळी होती. गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळात पूर्वी सर्व प्रकरणे सर्व सदस्यांपुढे येत असत. लॉर्ड कॅनिंग यांच्या काळात खातेवाटपाची पद्धत सुरू झाली आणि १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने तिला आधार दिला. या पद्धतीनुसार एका सदस्याने आपल्या खात्यात घेतलेला निर्णय हा संपूर्ण मंडळाचा निर्णय मानला जाऊ लागला. प्रशासनाच्या गतीसाठी ही सोय उपयुक्त होती. तथापि एकाने ठरवायचे आणि सर्वांच्या नावाने जाहीर करायचे, ही सवयही तिच्यातूनच रुजली. २ सप्टेंबर १९४६ रोजी अंतरिम सरकार अधिकारारूढ झाले तेव्हा कार्यकारी मंडळाच्या सचिवालयाचेच मंत्रिमंडळ सचिवालय झाले. स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळाने ब्रिटनकडून सामूहिक जबाबदारीचे तत्त्व घेतले, तर व्हाइसरॉयच्या राजवटीकडून कार्यालयीन यंत्रणा घेतली. या दोन वारशांमधील ताण पुढील घटनांच्या मुळाशी असल्याचे दिसते.

२. संविधानातील तरतुदी व त्यातील मौन

संविधानाच्या अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असते. अनुच्छेद ७५ नुसार पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्र्यांची नियुक्ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते. मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, असे याच अनुच्छेदात नमूद आहे. अनुच्छेद ७७ शासकीय कामकाजासाठी नियम करण्याचा अधिकार देतो.

येथे मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. मंत्रिपरिषदेत कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री व उपमंत्री या सर्वांचा समावेश होतो. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातील ज्येष्ठ मंत्र्यांचा लहान गट होय. प्रत्यक्ष धोरण या लहान गटात ठरते. मात्र १९५० च्या मूळ संविधानात या अर्थाने मंत्रिमंडळाचा उल्लेखच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये राम जवाया कपूर खटल्यात ब्रिटनप्रमाणे भारतातही मंत्रिमंडळ हेच कायदेमंडळ व कार्यकारी सत्ता यांना जोडते हे मान्य केले, ते परंपरेच्या आधारे.

संविधानात विचारविनिमयाचा अप्रत्यक्ष उल्लेख आढळतो तो अनुच्छेद ७८ मध्ये. एखाद्या मंत्र्याने निर्णय घेतला असेल, पण मंत्रिपरिषदेने त्याचा विचार केला नसेल, तर ते प्रकरण परिषदेपुढे ठेवण्यास राष्ट्रपती पंतप्रधानांना सांगू शकतात. एकट्याने घेतलेला निर्णय सर्वांचा म्हणून पुढे येण्याची शक्यता घटनाकारांनी ओळखली होती, असे यावरून म्हणता येईल. परंतु असा निर्णय स्वतः पंतप्रधानांचाच असेल तर काय, याचे उत्तर तेथे मिळत नाही.

घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये या विषयावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकर यांनी पंतप्रधानपदाचे ठामपणे समर्थन केले होते. मंत्री नेमण्याचा व दूर करण्याचा अधिकार पंतप्रधानांकडे असल्याशिवाय सामूहिक जबाबदारी प्रत्यक्षात आणता येणार नाही; पंतप्रधान हे मंत्रिमंडळाच्या कमानीतील मधला मुख्य दगड होत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सामूहिक जबाबदारीची बाहेरची बाजू, म्हणजे सभागृहापुढे सर्वांनी एकजुटीने उभे राहणे, या व्यवस्थेने सुरक्षित झाली. आतली बाजू, म्हणजे निर्णयापूर्वी सर्वांशी बोलणे, ही मात्र पंतप्रधानांच्या स्वभावावर आणि सहकाऱ्यांच्या आग्रहावर अवलंबून राहिली.

३. डॉ. आंबेडकर यांचा राजीनामा (१९५१)

डॉ. आंबेडकर १५ ऑगस्ट १९४७ पासून विधिमंत्री होते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची काही कलमे संमत झाल्यावर ते विधेयक बाजूला ठेवण्यात आले, हे या राजीनाम्याचे सर्वज्ञात कारण होय. अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरणाविषयीचे मतभेद ही कारणेही त्यांनी दिली. ऑक्टोबर १९५१ मध्ये संसदेत निवेदन करण्यापूर्वी त्याची प्रत मागण्यात आल्याने त्यांनी सभागृह सोडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले.

या निवेदनातील एक भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. तो मंत्रिमंडळाच्या कामकाजासंबंधी आहे. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतले गेले नाही. आर्थिक व्यवहार समितीवरही पंतप्रधान परदेशी असताना नियुक्ती झाली, पुढे ती काढून घेण्यात आली आणि निषेध नोंदवल्यावर पुन्हा मिळाली, असे त्यांनी सांगितले. समित्यांनी आधीच घेतलेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय असे मंत्रिमंडळाचे स्वरूप झाले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. समित्यांचे काम पडद्याआड चालते आणि समितीबाहेरील मंत्र्याला धोरण घडवण्याची संधी मिळत नाही, तरीही त्या धोरणाची जबाबदारी त्याच्यावर येते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

मंत्रिमंडळ समित्यांची पद्धत मुळात वाईट नव्हती. एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी १९४९ मध्ये केंद्रीय शासनयंत्रणेच्या पुनर्रचनेवरील अहवालात अशा समित्यांची शिफारस केली होती. फाळणी, निर्वासितांचे पुनर्वसन, काश्मीर आणि अन्नटंचाई यांच्या काळात प्रत्येक प्रश्नावर पूर्ण मंत्रिमंडळाने तासन्तास चर्चा करणे शक्य नव्हते. १९५० मध्ये अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला तोही याच वळणाचा होता. नव्याने स्थापन झालेला नियोजन आयोग समांतर मंत्रिमंडळ बनेल, अशी त्यांना भीती वाटत होती. म्हणजे सव्वा वर्षाच्या अंतराने दोन मंत्र्यांनी निर्णयाचे ठिकाण मंत्रिमंडळाबाहेर सरकत असल्याची तक्रार केली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. १९४८ मध्ये पंतप्रधानांच्या अधिकाराचे समर्थन करणारे डॉ. आंबेडकर १९५१ मध्ये स्वतःशी विसंगत झाले काय? तसे म्हणता येत नाही. मंत्री निवडण्याचा अधिकार एकाकडे असावा, हे त्यांचे मत होते. निवडलेल्या मंत्र्यांना निर्णयप्रक्रियेतून वगळण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. तथापि संविधानाने पहिला अधिकार दिला आणि दुसऱ्यास स्पष्ट आळा घातला नाही, हेही तितकेच खरे आहे. हिंदू कोड बिलाचा आशय पुढे १९५५ व १९५६ मध्ये चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने बऱ्याच अंशी संमत झाला. कामकाजाविषयीचा आक्षेप मात्र अनुत्तरित राहिला.

४. चिंतामणराव देशमुख यांचा राजीनामा (१९५६)

जॉन मथाई यांच्यानंतर अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे मूळचे रायगड परिसरातील. भारतीय सनदी सेवेतील दीर्घ अनुभवानंतर १९४३ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांची घडण पक्षकार्यकर्त्याची नसून प्रशासकाची होती. टिप्पणी, नोंद, बैठक आणि इतिवृत्त यांचे महत्त्व त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या आक्षेपाचे स्वरूप समजून घेताना ही पार्श्वभूमी विचारात घ्यावी लागते.

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९५५ मध्ये दिलेल्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य आणि उर्वरित मराठी व गुजराती प्रदेशाचे द्वैभाषिक मुंबई राज्य सुचवले. महाराष्ट्रात त्यास तीव्र विरोध झाला. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांची योजना पुढे आणली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. मुंबईत उग्र आंदोलन उसळले आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. देशमुख यांनी जानेवारीतच राजीनाम्याची इच्छा पंतप्रधानांना कळवली होती; परंतु अंदाजपत्रकाची व अन्य महत्त्वाची कामे समोर असल्याने ते पदावर राहिले. ३ जून १९५६ रोजी मुंबईत नेहरूंनी शहर पाच वर्षे केंद्राच्या प्रशासनाखाली राहील असे सांगितले. जुलैच्या अखेरीस देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले.

या निवेदनात दोन मुद्दे होते. पहिला मुद्दा आशयाचा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणे अन्यायाचे आहे आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणे अनुचित आहे, असे त्यांनी मांडले. दुसरा मुद्दा पद्धतीचा. मुंबईविषयीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे विचारार्थ आला नाही. टिप्पणी मंत्र्यांकडे फिरवून मतही घेतले गेले नाही. ज्यांना या प्रश्नात विशेष आस्था आहे अशा मंत्र्यांशी, उदाहरणार्थ स्वतः देशमुखांशी, वैयक्तिक चर्चा झाली नाही. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक झाल्याचीही नोंद नाही आणि निर्णयाचा अधिकृत मजकूर मंत्र्यांना उपलब्ध नाही, असे त्यांनी क्रमाने सांगितले. पंतप्रधानांसह काही मंत्र्यांनी अधिकार नसताना मंत्रिमंडळाच्या वतीने निर्णय घेतले व जाहीर केले, हा त्यांचा आरोप होता.

ही यादी बारकाईने पाहिल्यास मंत्रिमंडळाचा निर्णय कशास म्हणावे याची व्याख्याच तीत सापडते. प्रस्ताव लेखी हवा, तो सर्वांपर्यंत पोहोचला पाहिजे, संबंधित मंत्र्याचे मत विचारले पाहिजे, बैठक झाली पाहिजे, तिची नोंद राहिली पाहिजे आणि निर्णयाचा मजकूर निश्चित असला पाहिजे. आजही केंद्रीय मंत्रिमंडळाचे काम औपचारिकदृष्ट्या याच टप्प्यांनी चालते. संबंधित मंत्रालय टिप्पणी तयार करते, अन्य मंत्रालयांचे अभिप्राय घेते, मंत्रिमंडळ सचिवालय ती विषयपत्रिकेवर आणते आणि निर्णयानंतर इतिवृत्त प्रसृत करते.

नेहरूंची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. राज्य पुनर्रचनेवर अनेक महिने चर्चा सुरू होती, मंत्रिमंडळातही हा विषय वारंवार आला होता आणि पंतप्रधानांना धोरणविषयक निवेदन करण्याचा अधिकार नाही असे म्हणणे सर्वथा अमान्य आहे, असे त्यांचे उत्तर होते. या उत्तरात तथ्यांश आहे. प्रत्येक वाक्य मंत्रिमंडळाकडून संमत करून घेऊनच पंतप्रधानांनी बोलावे, असे कोणत्याही संसदीय देशात घडत नाही. परंतु चर्चा होणे आणि निर्णय होणे या भिन्न गोष्टी आहेत. पुनर्रचनेच्या वाटाघाटी प्रामुख्याने नेहरू, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत आणि काँग्रेसाध्यक्ष उ. न. ढेबर यांच्याकडे होत्या. यांपैकी ढेबर मंत्रिमंडळाचे सदस्य नव्हते. पक्षाची कार्यकारिणी आणि देशाचे मंत्रिमंडळ यांच्यातील सीमारेषा पुसट झाली होती.

देशमुखांच्या भूमिकेवरही आक्षेप घेता येतो. जानेवारीत मतभेद झाला असता जुलैपर्यंत पदावर राहणे म्हणजे त्या काळात निर्णयाची जबाबदारी स्वीकारणेच होय. सामूहिक जबाबदारीचे तत्त्व मंत्र्यापुढे दोनच मार्ग ठेवते : मान्य करून गप्प राहणे किंवा बाहेर पडून बोलणे. मधले सहा महिने हे या तत्त्वाच्या कसोटीवर अडचणीचे आहेत. मात्र बाहेर पडल्यावर त्यांनी मांडलेल्या आक्षेपाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. आपण महाराष्ट्रीय आहोत म्हणून दुखावलो, एवढेच न सांगता त्यांनी प्रादेशिक गाऱ्हाण्याला घटनात्मक प्रश्नाचे रूप दिले, ही त्यांची कामगिरी होय.

पुढील घटनाक्रम बोलका आहे. देशमुखांच्या निवेदनाला तीन आठवडे होण्यापूर्वीच, अनेक खासदारांच्या पुढाकाराने, तीन घटकांची योजना मागे पडली आणि १० ऑगस्ट १९५६ रोजी लोकसभेने विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचा पर्याय स्वीकारला. ज्या निर्णयासाठी अर्थमंत्री गमावला तो निर्णय टिकला नाही. द्वैभाषिकही टिकले नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. पुरेशा विचारविनिमयाविना झालेले निर्णय पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, याचे हे उदाहरण मानता येईल.

५. प्रश्नाचे पुढील स्वरूप : १९६१ ते २०१९

अनुच्छेद ७७ खालील भारत सरकारचे कामकाज नियम १९६१ मध्ये करण्यात आले. कोणती प्रकरणे मंत्रिमंडळापुढे आलीच पाहिजेत, याची यादी त्यात आहे. परंतु याच नियमांतील बाराव्या नियमानुसार पंतप्रधान आवश्यक वाटेल तेवढ्या मर्यादेपर्यंत नियमांपासून सूट देऊ शकतात किंवा झालेला भंग क्षमापित करू शकतात. तातडीच्या प्रसंगासाठी ठेवलेल्या या सवलतीचा सर्वांत गंभीर वापर २५ जून १९७५ च्या रात्री झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्रात त्या रात्री मंत्रिमंडळाची बैठक घेणे शक्य नसल्याचे सांगून बाराव्या नियमाचा आधार घेतला. राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता झाली, तेव्हा केवळ संमती देणे बाकी होते.

महाराष्ट्राचे नेते यशवंतराव चव्हाण त्या वेळी परराष्ट्रमंत्री होते आणि पुढेही मंत्रिमंडळात राहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये, जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद साधावा असे जाहीरपणे सांगणाऱ्या मोहन धारिया यांना राज्यमंत्रिपदावरून दूर करण्यात आले होते. मतभेद व्यक्त करणाऱ्या मंत्र्याचे काय होते, हे सहकाऱ्यांना त्यावरून कळले असणार. राजीनामा देऊन बोलण्याची जी वाट १९५१ व १९५६ मध्ये वापरली गेली, ती १९७५ च्या जूनमध्ये कोणी वापरली नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या अनुभवातून धडा घेतला. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी स्वरूपात कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा करू नये, अशी तरतूद अनुच्छेद ३५२ मध्ये करण्यात आली. पंतप्रधान व कॅबिनेट दर्जाचे मंत्री यांची परिषद असा मंत्रिमंडळाचा अर्थही तेथेच दिला गेला. देशमुखांनी मागितलेला लेखी, नोंदवलेला निर्णय अशा रीतीने संविधानात आला. परंतु तो केवळ एका विषयापुरता आला. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिपरिषदेच्या आकारावर लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. मंत्री किती असावेत हे त्यामुळे ठरले. त्यांना केव्हा विचारावे हे ठरले नाही.

आघाडी सरकारांच्या काळात मंत्रिगटांची संख्या वाढली. अधिकारप्राप्त मंत्रिगटांना काही बाबतीत अंतिम निर्णयाचा अधिकार होता. घटक पक्षांना सामावून घेण्यासाठी हे उपयुक्त असले, तरी डॉ. आंबेडकर यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेली स्थिती त्यातून पुन्हा दिसू लागली. मे २०१४ मध्ये नव्या सरकारने त्या वेळचे सर्व मंत्रिगट बरखास्त केले. बारावा नियम मात्र कायम राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठवताना त्याचाच आधार घेण्यात आला. मंत्रिमंडळाची बैठक न होता एका राज्याची राजवट बदलू शकते, हे महाराष्ट्राने पुन्हा एकदा अनुभवले.

निष्कर्ष

१. सामूहिक जबाबदारीला दोन बाजू आहेत. सभागृहापुढील एकजूट ही बाहेरची आणि निर्णयापूर्वीचा विचारविनिमय ही आतली. भारतीय संविधानाने पहिली बाजू स्पष्ट केली, दुसरी बहुतांशी परंपरेवर सोपवली.

२. डॉ. आंबेडकर व चिंतामणराव देशमुख यांच्या राजीनाम्यांची तात्कालिक कारणे भिन्न होती. एकाच्या तक्रारीत निर्णय समित्यांकडे गेला होता, दुसऱ्याच्या तक्रारीत तो पक्षनेतृत्वाकडे गेला होता. दोघांच्याही मते तो मंत्रिमंडळात राहिला नव्हता.

३. मंत्रिमंडळाच्या कामकाजातील गोपनीयता ही बाहेरच्या जगासाठी असते, जेणेकरून मंत्र्यांना आत मोकळेपणाने मतभेद व्यक्त करता यावेत. तीच गोपनीयता मंत्र्यांच्या विरुद्ध वापरली गेली तर तिचे प्रयोजनच नाहीसे होते.

४. ४४ व्या घटनादुरुस्तीने लेखी मंत्रिमंडळ निर्णयाची अट आणीबाणीपुरती घातली. राज्यांच्या सीमा, राष्ट्रपती राजवट आणि तत्सम विषयांतही नियमांपासून घेतलेल्या सूटीची कारणे संसदेपुढे लेखी ठेवण्याचे बंधन असावे, असे या अभ्यासाच्या आधारे सुचवावेसे वाटते.

५. मंत्रिमंडळाची कार्यपद्धती हा केवळ दिल्लीतील दालनांचा विषय नाही. १९५६ मध्ये राजोडीसारख्या गावातील माणसाला मंत्रिमंडळाच्या टिप्पण्या व इतिवृत्ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याची बाजारपेठ, त्याचा रोजगार आणि त्याचे राज्य त्यांवरच अवलंबून होते. त्या माणसाचा प्रतिनिधी लोकसभेत मंत्रिमंडळाला जाब विचारू शकतो तो निर्णय मंत्रिमंडळाचा आहे या गृहीतावर. निर्णय प्रत्यक्षात दुसरीकडेच झाला असेल तर जाब विचारायचा कोणाला, हा १९५१ व १९५६ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न आजही संसदीय लोकशाहीच्या अभ्यासकांपुढे आहे.